प्रमिलाताईंचा राउंड

ब्रिस्टलमध्ये आमच्या भागातल्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर, एक काचेची पेटी होती. मुलीची पुस्तकं परत करायला गेलो असताना सहज वर डोकावलो. पेटीत कॉर्मॅक डिलहर नावाच्या कुणा आयरिश माणसाच्या वस्तू मांडल्या होत्या: रंगांची चेपलेली डबी, हाताने लिहिलेली गाणी, दोन छोटी जलरंगातली चित्रं. आणि या सगळ्याच्या मधोमध निळ्या बॉलपेनने लिहिलेला एक देवनागरी कागद.

मी दोनदा चष्मा पुसला. अक्षर देवनागरी होतं, पण शब्द मराठी नव्हते, हिंदीही नव्हते. मी पुटपुटत वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला लक्षात आलं की हे इंग्रजी आहे.

"मोठ्याने वाच ना. तोंडातल्या तोंडात काय करून राहिला?"

मागे साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. राखाडी कोट, पांढरे आखूड केस, हातात स्टीलचा डबा. ब्रिस्टलच्या लायब्ररीत अस्सल नागपुरी ऐकून मी इतका गोंधळलो की मुकाट्याने मोठ्याने वाचलं. कोपऱ्यात खुर्च्या लावणारे एक आयरिश म्हातारबाबा हातातली खुर्ची तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. "हा माणूस मायोचा आहे का?" असं त्यांनी बाईंना विचारलं. मायो हा आयर्लंडच्या पश्चिमेकडचा भाग.

"नाही, पुण्याचा दिसतोय," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पण वाचतोय बरोबर."

त्या प्रमिलाताई रामटेके. खुर्चीवाले बाबा म्हणजे ब्रेंडन, डिलहर सोसायटीचे अध्यक्ष. प्रमिलाताई त्याच सोसायटीच्या कीपर होत्या, म्हणजे चित्रं सांभाळणाऱ्या.

त्या कागदाची गोष्ट मी पुढे इतक्यांना सांगितली आहे की ती माझीच असल्यासारखी वाटते. प्रमिलाताई वॉर्ड सिस्टर होत्या. त्यांच्या वॉर्डात मायोचा एक म्हातारा पेशंट होता, सोसायटीचा जुना सभासद. तो दिवसभर डिलहरचं एक गाणं गुणगुणायचा. बोटीतून गाय पलीकडे नेणाऱ्या नावाड्याचं ते गाणं आहे, गाय सोडून बाकी सगळे पाण्यात पडतात. सोसायटीच्या वहीत त्याची तीनच कडवी होती. चौथं कडवं आहे असं सगळे म्हणायचे, पण येत कुणालाच नव्हतं. या म्हाताऱ्याला येत होतं, त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. प्रमिलाताईंना ते काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त चाल आवडली होती. औषधं देता देता त्यांनी ड्यूटी बदलताना देतात त्या हँडओव्हरच्या कागदाच्या पाठीमागे ते कडवं लिहून घेतलं, आणि कानावर पडलं तसं लिहायचं म्हणून देवनागरीत लिहिलं. 'टी'च्या जागी 'टे', 'थिंग'च्या जागी 'तिंग'. आठवड्याने म्हातारा गेला. अंत्यविधीला प्रमिलाताईंनी ते कडवं म्हटलं आणि चर्चमध्ये बसलेली सोसायटी उभी राहिली.

इंग्रजी लिपीत लिहिलं असतं तर नुसते शब्द उरले असते. देवनागरीत लिहिल्यामुळे त्या माणसाची बोलीही उरली. एका आयरिश गाण्याच्या चौथ्या कडव्याचं एकमेव अस्सल साधन नागपूरच्या बाईच्या हस्ताक्षरात आहे, याचा मला आजही इतका अभिमान वाटतो की मी हे लिहिताना सावरून बसलो आहे.

सभासद त्यांना सुरुवातीला 'पॅम' म्हणायला गेले. "प्रमिला," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावांची नावं मी शिकले. तुम्हाला तीन अक्षरं जमतील." जमली.

डिलहर सोसायटीची एक रीत आहे आणि ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. डिलहर बोटीच्या ऑफिसात कारकून होता. शेवटची वर्षं तो ब्रिस्टलमध्ये भाड्याच्या एका खोलीत राहिला. घरमालकीण भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही. म्हणून तो आपली चित्रं मित्रांच्या घरी लावायला द्यायचा. वाढदिवसाला सगळ्यांना बोलवायचा, ज्याने त्याने आपल्याकडचं चित्र आणायचं आणि त्या चित्रामागे पेन्सिलीने ज्या गाण्याचं नाव लिहिलेलं असेल ते गाणं म्हणायचं. सोसायटीने हेच चालू ठेवलं. एकतीस चित्रं, एकतीस घरं. वर्षभर चित्र तुमच्याकडे पाहुणं असतं. ऑक्टोबरात वाढदिवसाच्या संध्याकाळी ते परत आणायचं, गाणं म्हणायचं, आणि पुढचं घर ते घेऊन जातं. कुलूप नाही, विमा नाही. ऊन मात्र लागू द्यायचं नाही, कारण जुना जलरंग उन्हाने उडतो.

आणि हे ऊन लागतंय का, ते बघायला प्रमिलाताईंचा राउंड.

हा शब्द त्यांचाच. निवृत्त झाल्या तरी वॉर्ड सुटला नव्हता. न कळवता यायच्या. बस बदलत, डबा घेऊन. चित्रासमोर उभं राहून "काय म्हणतोय पेशंट?" असं मराठीत विचारायच्या. मग हातभर लांब उभ्या राहून ऊन भिंतीवर कुठून कुठे सरकतंय ते बघायच्या. अर्धा अर्धा तास. तोवर घरच्यांनीही उभं राहायचं. चहा बिनदुधाचा घ्यायच्या, खायला मात्र स्वतःच्या डब्यातलंच. "पेशंटच्या नातेवाइकांकडे खायचं नसतं," असं कारण सांगायच्या.

एकदा ब्रेंडनच्या घरी गेल्या तर चित्र सापडेना. चार खोल्या झाल्या. शेवटी बाथरूममध्ये, टबाच्या वर, वाफेत.

"इथे मला ते रोज दिसतं, प्रमिला," ब्रेंडन म्हणाला. "दुसरीकडे कुठे मी इतका वेळ बसतो?"

प्रमिलाताईंनी चित्र उतरवलं, कोटाच्या आत घातलं आणि घराबाहेर पडल्या. अध्यक्ष अंगावर टॉवेलचा गाऊन, पायात सपाता, अशा थाटात बसस्टॉपपर्यंत त्यांच्या मागे आला. बस आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पेशंटला दुसऱ्या वॉर्डात हलवलंय. भेटायच्या वेळेत या." ब्रेंडन हे दरवर्षी वाढदिवसाच्या संध्याकाळी स्वतः अभिनय करून सांगतो.

त्या स्वतः गायच्या तेव्हा डोळे उघडे ठेवून, समोरच्या प्रत्येकाकडे आळीपाळीने बघत गायच्या, कडवं कुणाला पोचलं नाही ते तपासत असल्यासारख्या. एकदा गाडीत विचारलं, ही सवय कुठली? "बाबांची," म्हणाल्या. त्यांचे वडील नागपूरकडे जलशात गायचे. दिवसा गिरणी, सुट्टीला गावोगाव बाबासाहेबांचा विचार सांगत फिरणं. स्वतः गाणी बांधायचे. "किती होती?" मी विचारलं. "कुणाला माहीत? लोकांच्या तोंडी आहेत म्हणजे आहेतच, असं त्यांना वाटायचं. लोकं मरतात हे लक्षात नाही आलं त्यांच्या. मला दीड गाणं येतं."  मी पुढे विचारलं नाही. माझा स्वभावच तो, न विचारण्याचा आणि न सांगण्याचा. इथवर मी जे लिहिलं ते कुणीही लिहिलं असतं. पुढचं मात्र मलाच लिहायला हवं, आणि त्याला सात वर्षं उशीर झाला आहे.

तोवर चित्रं फक्त आयरिश घरांत, फार तर जुन्या ब्रिस्टलकरांकडे जायची. तसा नियम नव्हता, पण तसंच चाललं होतं. मीही सभासद झालो आणि माझं घर पहिलं बाहेरचं ठरलं. ते प्रमिलाताईंनी कमिटीत भांडून मिळवलं, हे मला नंतर कळलं. मिळालं ते चित्र सगळ्यात सुंदर होतं: संध्याकाळचं पीटचं रान, म्हणजे जळणासाठी कापतात त्या काळ्या दलदलीचा माळ, त्यात साचलेलं पाणी आणि वर गुलाबी होत गेलेलं आभाळ.

त्या वर्षी वसंतात प्रमिलाताईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. राउंड बंद. फोनवर म्हणाल्या, "तुझ्याकडे तशीही गरज नाही, अभिजित. तू विमानांचे पंख तपासणारा माणूस."

मे महिन्यात माझे मॅनेजर जेवायला येणार होते. चित्र नियमाप्रमाणे हॉलवेत, अंधाऱ्या भिंतीवर होतं. तिथे ते कोण बघणार? मी ते मागच्या कॉन्झर्व्हेटरीत लावलं. तीन बाजूंनी काच, पश्चिमेकडे तोंड. मॅनेजरने पाहिलं, वाखाणलं, मी डिलहरवर छोटंसं भाषणही ठोकलं. दुसऱ्या दिवशी काढायचं राहिलं. मेघनाने, माझ्या बायकोने, दोनदा आठवण केली. मी दोनदा "वीकेंडला" म्हणालो. जुलैत आम्ही पाच आठवडे पुण्याला गेलो. ब्लाइंड्स वर, घराला कुलूप. त्या उन्हाळ्यात इथे रात्री नऊपर्यंत ऊन होतं.

परत आलो तेव्हा आभाळ पांढरं झालं होतं. सगळं नव्हे. फ्रेमच्या कडेखाली बोटभर गुलाबी पट्टी शिल्लक होती. तिच्यामुळेच तर कळत होतं, काय गेलं ते.

मी चित्र गुपचूप हॉलवेत लावलं. मेघनालाही म्हणालो, "पहिल्यापासून असंच असेल." तिने जाऊन ब्लाइंड्स खाली ओढले. वाढदिवसाआधी कीपर सगळी चित्रं तपासते, म्हणून सप्टेंबरअखेर चित्र नीट गुंडाळून प्रमिलाताईंकडे पोचवलं आणि दारातूनच परतलो, गाडी नो-पार्किंगच्या डबल येलो लाइनवर आहे असं सांगून. गाडी व्यवस्थित पार्क केलेली होती.

आठवड्याने कमिटीची मिटिंग, मलाही बोलावलं होतं. टेबलावर चित्र, शेजारी कॅटलॉगमधला फोटो. खजिनदार बाई मोरीन, चांगली बाई, पण घाबरट. ती म्हणाली, "हे संपलं आता. सगळी चित्रं कौन्सिलच्या स्टोअरमध्ये ठेवू या. घराघरांत पाठवणं पुरे." कुणीतरी म्हणालं, "निदान ओळखीच्या घरांपुरतं तरी ठेवू." ते कुणीतरी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि ते न बघणं मला स्पष्ट दिसत होतं.

ब्रेंडनने विचारलं, "याला ऊन लागलं कुठे?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. पण त्याआधी काठीवर भार देत प्रमिलाताई उभ्या राहिल्या. "अभिजित इंडियाला गेला होता तेव्हा चित्र माझ्याकडे होतं. मी खिडकीत ठेवलं. ऑपरेशननंतर माझं लक्ष नव्हतं. चूक कीपरची आहे."

ब्रेंडन चित्रावरून त्यांच्याकडे वळला. बाथरूममधून चित्र काढून नेणारी बाई खिडकीत चित्र ठेवते? पण त्याने विचारलं नाही, आणि मीही तोंड मिटलं. भीती वाटली म्हणून गप्प बसलो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मला सोयीचं वाटलं. आणि त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती त्याहून वाईट. माझी आई इथे आली होती तेव्हा प्रमिलाताई भेटल्या. मी ओळख करून दिली, "या प्रमिलाताई, सिस्टर होत्या." आडनाव गाळलं. आईने पुढे विचारू नये म्हणून मुद्दाम गाळलं. ज्या माणसाचं आडनाव आपण गाळतो, त्याच्या अंगावर आपली चूकही सहज टाकता येते. मिटिंगमध्ये मला ते जड गेलं नाही, हे लिहायला मला सात वर्षं लागली.

प्रमिलाताईंनी कीपरपद सोडलं. चित्रं घरोघरी जाणं मात्र चालू राहिलं. आता प्रत्येक चित्रामागे उन्हाबद्दलची छापील चिठ्ठी असते, एवढाच फरक. वाढदिवसाच्या संध्याकाळी त्या मागच्या रांगेत बसायच्या. मोरीन त्यांना चित्रांना हात लावताना बघायची आणि मग नजर दुसरीकडे वळवायची. 'काळजी घ्या हं,' असं कुणीतरी त्यांना, त्यांना, म्हणताना मी ऐकलं आहे.

दोन वर्षांनी त्यांना हॉस्पिटलच्या तपासणीला नेत होतो. सिग्नलला गाडी थांबली आणि मी म्हणालो, "ताई, ते चित्र माझ्याकडेच उडालं होतं."

"सिग्नल हिरवा झालाय."

मी गाडी पुढे घेऊन बाजूला लावली.

"मला गुंडाळी सोडतानाच कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्या फ्लॅटला सगळ्या खिडक्या उत्तरेला आहेत. सूर्य माझ्याकडे पाहुणा म्हणूनसुद्धा येत नाही. पण विचारलं का कुणी? नाही विचारलं. मला ठाऊक होतं, नाही विचारणार."

"माझ्यासाठी तुम्ही एवढं..."

"तुझ्यासाठी?" त्या खरंच हसल्या. "बाप्पा, किती मोठा समजतोस रे स्वतःला! तू माझा कोण? आईसमोर माझं आडनाव गिळतोस तू."

मी इंजिन बंद केलं.

"ऐक. तुझं बाहेरचं पहिलं घर. मागे दोन घरं थांबली होती. माझ्याबरोबरची मल्याळी लिसी आणि तो बस चालवणारा सोमाली अब्दी, पोरींना घेऊन गाणी शिकायला येतो तो. तुझं नाव निघालं असतं तर त्या दोघांना कुणी नाही म्हटलं नसतं. नुसतं पुढच्या वर्षी बघू म्हटलं असतं. दरवर्षी. हात लावू नका म्हणायला लोकांना फार कारणं लागत नाहीत, अभिजित. एक पुरतं. आमच्या बाबांना हात लावू नका म्हणायला तर तेवढंही नाही लागलं. ते एक कारण मी माझ्या हाताने देणार होते का? कीपरची चूक ही नुसती चूक असते. नव्या माणसाची चूक त्याच्या सगळ्यांची होते."

"मी पुढच्या मिटिंगला सांगतो."

"सांगशील आणि मोकळा होशील. दार बंद होईल ते माझं." त्यांनी सीटबेल्ट सरळ केला. "बाहेरची सहा घरं होऊ दे. सहा झाली की मग कुणी एकाच्या चुकीवरून रीत मोडायचं म्हणणार नाही. तोवर गप्प बस. नाहीतरी तुला जमतं ते."

ते शेवटचं वाक्य मला लागावं म्हणूनच म्हटलं होतं. लागलं.

पुढची पाच वर्षं मी, न बोलणारा माणूस, घरं शोधत फिरलो. लिसी आणि अब्दी झाले. मग आमच्या कंपनीतली पोलिश बाई, शेजारचे जमैकन आजोबा. त्यांनी नावाड्याचं गाणं असं म्हटलं की ब्रेंडनने पुन्हा म्हणायला लावलं. मग एक तमिळ जोडपं. दरम्यान प्रमिलाताई एडिनबरात मुलाकडे राहायला गेल्या. मी दर ऑक्टोबरात फोन करायचो. त्या आकडा विचारायच्या, नावं विचारायच्या, कोण कसं गायलं ते विचारायच्या, आणि ठेवून द्यायच्या.

गेल्या ऑक्टोबरात सहावं घर झालं, वर्क व्हिसावर आलेलं नागपूरचं एक तरुण जोडपं. त्या संध्याकाळी, चित्रं वाटून झाल्यावर, मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मॅनेजर, कॉन्झर्व्हेटरी, पुणे, मिटिंग. हॉलमध्ये अब्दीच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर चित्र होतं.

मोरीन रडायला लागली. ब्रेंडन आता ऐंशीच्या पुढे आहे. तो म्हणाला, "म्हणजे सात वर्षं मी चुकीच्या बाईवर रुसलो." मग माझ्याकडे बघून, "आणि तू ते बघत बसलास." मी "हो" म्हणालो. त्याने मला माफ केलं नाही. ते मला बरोबर वाटलं. पण स्टोअर, कुलूप, ओळखीची घरं, यातला एकही शब्द कुणी काढला नाही. चित्रं ठरल्याप्रमाणे एकतीस घरांत गेली. उडालेल्या आभाळाचं चित्र अब्दीच्या मुलींनी मागून घेतलं. कॅटलॉगमध्ये कीपर म्हणून प्रमिलाताईंचं नाव ब्रेंडनने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं. संपूर्ण, आडनावासकट. स्पेलिंग मला विचारलं.

नोव्हेंबरात मी एडिनबराला गेलो. प्रमिलाताई खूप बारीक झाल्या होत्या. वॉकर धरून चालत होत्या. हॉलमध्ये काय झालं ते सगळं मी सांगितलं. कॅटलॉगचं ऐकून "बरं" म्हणाल्या. ब्रेंडन रुसल्याचं ऐकून मात्र त्यांना हसू आवरेना. "रुसला होता? मला वाटलं, बहिरा झाला."

मग घरांची नावं विचारली. मी सांगत गेलो, त्या बोटं मिटत गेल्या. लिसी. अब्दी. पोलिश बाई. आजोबा. तमिळ जोडपं. नागपूरची पोरं.

"त्या नागपूरच्या पोरीच्या हातचं जेवून आलास की नाही?"

"जेवलो ना. सावजी होतं. दोन दिवस तोंड भाजत होतं."

"पुणेरी," त्या म्हणाल्या, समाधानाने.

निघालो तर लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. नको म्हणालो, ऐकलं नाही. वॉकरची चाकं कार्पेटवर अडकत होती, तरी माझ्यापेक्षा पुढेच. मी लिफ्टमध्ये शिरलो. त्यांनी वॉकरचा पाय दारात घालून दार अडवलं.

"सहात तुझं घर धरलंस का?"

"नाही."

"त्यानंतर एकदाही चित्र नेलं नाहीस ना?"

"नाही."

"काऊन?"

 लिफ्ट बीप बीप करायला लागली. त्यांनी मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, उठून घरी जायला परवानगी देण्याआधी सिस्टर पेशंटला बघते तसं.

"पुढच्या वर्षी नेशील," त्या म्हणाल्या. "सात झाली मग."

आणि वॉकर मागे घेतला.